कलावतीच्या मुली

डोंबिवली (पूर्व)
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रुचू,

अनेक आशीर्वाद. काका-काकींना नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल. माझं नाव निघालं की त्या घरात काय होतं ते मला ठाऊक आहे.

पत्र बघून हसशील. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास, सर्वेशचाही केलास, मग उरलं काय? पोस्टात गेलेले तर काउंटरवरची बाई म्हणाली, राखीशिवाय हल्ली कोणी घरचं पाकीट टाकत नाही. तिला म्हटलं, माझी बहीण जुन्या वळणाची आहे.

इकडे सगळं ठीक. यंदा फराळाच्या ऑर्डरींनी जीव काढला. चकल्या करता करता सोऱ्याचा दांडा तुटला, तर वासंतीताईंनी शेजारच्या हार्डवेअरवाल्याला दुकान उघडायला लावून तो जोडून घेतला. पोळीभाजी केंद्र आता दोन्ही वेळ चालू असतं. नवीन टॉवरमधली नोकरीवाली माणसं संध्याकाळी नुसत्या पोळ्या न्यायला येतात. सर्वेशची बदली अंबरनाथच्या प्लांटला झाली. त्याला ती आवडलेली नाही, पण तो ते बोलत नाही, नुसता भांडी जोरात ठेवतो.

तुझं ठरल्याचं काकांनी फोन करून सांगितलं. ठाण्याचा मुलगा, नाव सुशांत, माणसं बरी आहेत म्हणाले. मला खरंच आनंद झाला, रुचू. आणि हे मी पुढचं गोड लागावं म्हणून लिहीत नाहीये.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण त्या दिवशी मधेच तू फोन ठेवलास. तेव्हा आता सगळं ऐक.

गणपतीत आमच्या मंडळाने रक्तदान ठेवलेलं. मी दरवर्षी टाळायची, या वेळी हौसेने गेले. दहा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. गेले, तर एका खोलीत बसवून सांगितलं की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. लिव्हरचा विषाणू. मी म्हटलं, मला कावीळ कधी झालेलीच नाही. ते म्हणाले, हा न दाखवताही राहतो.

मग ठाण्याला लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई आहेत, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, पण घाई करत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. मागच्या वर्षी कमरेला नागीण उठलेली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात छातीत कफ भरून ॲडमिट झालेले. बोटाला साधी चीर पडली तरी पिकते. काकी म्हणायची ना, योगिनी मुळातच नाजूक, हवेवर आजारी पडते. मी डॉक्टरांना विचारलं, मी नाजूक आहे का?

त्या म्हणाल्या, "तुम्ही नाजूक नाही. तुमचं शरीर दमलंय."

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही शिरलं की त्या लढतात, जिंकतात आणि मागे फिरतात. पण हा विषाणू जन्माच्या वेळीच शिरला तर त्या कोवळ्या शरीराला तो परका आहे हे नीट कळतच नाही. पुढे कधीतरी कळतं, लढाई सुरू होते, पण तोपर्यंत त्याने लिव्हरमध्ये घर केलेलं असतं. तो संपत नाही आणि पेशींना उसंत मिळत नाही. वर्षानुवर्षं तेच. मग त्या पेशी असतात, रक्तात दिसतात, पण त्यांच्या हातून काम होत नाही. आणि लिव्हर जसजसं खराब होतं तसा बाकीच्या दुखण्यांपुढेही माणूस उघडा पडतो. नागीण त्यामुळेच आली असं त्या छातीवर हात ठेवून म्हणत नाहीत, पण त्यांना नवल वाटलं नाही.

रोज एक गोळी आहे. बहुतेक जन्मभर. तिने विषाणू जात नाही, दबतो. तो दबला की त्या दमलेल्या पेशीही थोड्याफार सावरतात म्हणे. माझं स्कॅन झालंय. ते ठीक आहे, त्याचं नंतर लिहीन.

नवरा म्हणून सर्वेशचीही तपासणी केली. त्याला नाहीये. त्याला लशीचं इंजेक्शन दिलं तेव्हा बाहेर येऊन तो जिन्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

वासंतीताईंना मी त्याच आठवड्यात सांगितलं. केंद्र दोघींचं आहे, लपवून कसं चालेल? त्यांचा चेहरा पडला. थोडे दिवस घरी राहा म्हणाल्या, गिऱ्हाइकांना काय सांगायचं? मी म्हटलं, घरी राहणार नाही. उद्या माझ्याबरोबर ठाण्याला चला, डॉक्टरांना तुमच्या तोंडाने विचारा, त्या नको म्हणाल्या तर मी लाटणं खाली ठेवते. आल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा रक्तातून जातो, नवराबायकोच्या संबंधातून जातो, आईकडून बाळंतपणात जातो. पोळीतून जात नाही, पाण्यातून नाही, एका ताटात जेवल्याने नाही. हात कापला तर काम थांबवा, पट्टी बांधा, हातमोजा घाला, बास. दुसऱ्या दिवशी वासंतीताई कणकेची परात माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, मळ लवकर, साडेअकराचे डबे आहेत.

समोरच्या इमारतीतल्या एका घराने डबा बंद केला. बाईंनी कुठूनतरी ऐकलं. मी स्वतः वर जाऊन त्यांना सगळं सांगून आले. डबा नाही चालू झाला, पण आता जिन्यात भेटल्या की त्याच खाली बघतात. मी नाही.

आता मी टाळत होते ते. "आईकडून बाळंतपणात" हे मी वर लिहिलं, तू वाचून पुढे गेलीस. मागे जा आणि परत वाच.

तू तेव्हा आठवीत होतीस. आईचे डोळे पिवळे झालेले, पोट पाण्याने फुगलेलं, पाय सुजलेले. वॉर्डात त्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, बाई दारू घेतात का? आईने मानेनेच नाही म्हटलं. पण काकी शेजारी उभी होती आणि तिने फक्त प्रश्न ऐकला. तिथून पुढे तोच प्रश्न नात्यात उत्तर म्हणून फिरला. बाबा गेल्यावर एकटी बाई, रात्री मशीनवर फॉल-पिको करत बसते, घेत असणार. आई मेली ती हे ऐकत. आणि तू तेच ऐकत मोठी झालीस, रुचू. तुला वेगळं सांगणारं काकांच्या घरी कोणी नव्हतं.

डॉक्टर शंभर टक्के म्हणत नाहीत. आई नाही, तिचं रक्त नाही. पण माझं वय आणि लिव्हरची अवस्था बघून त्या म्हणाल्या, हे लहानपणापासूनचं आहे, आणि तुमच्या आईची लक्षणं याचीच वाटतात. आईला कुठून आलं हे कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित तिच्या आईकडून. मला ते शोधायचंही नाही.

तुझी टेस्ट कर. एवढंच सांगायला फोन केलेला. तू म्हणालीस, लग्न होईपर्यंत तोंड बंद ठेव. तुझ्याबद्दल मी कोणाकडे एक अक्षर काढणार नाही. पण तुझ्याजवळ मी गप्प राहणार नाही. ब्लॉक कर, पाकीट फाड, मी दुसरं पाठवीन.

जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई


डोंबिवली (पूर्व)
१६ डिसेंबर २०२४

प्रिय रुचू,

आशीर्वाद. अबोली रंगाची साडी तुला फार छान दिसत होती. काल ते सांगायचं राहिलं.

मी कोणाला न सांगता हॉलमधून निघून गेले असं आज काकी म्हणत असेल. मी तुला सांगून निघाले. तू पाठ फिरवलेलीस.

आता काल काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण तू स्टेजवर होतीस आणि तुला ते काकीच्या तोंडून कळलंय.

माझं दुखणं कळल्यावर मी येऊ नये असं काकीने काकांकरवी कळवलेलं. मी आले, कारण सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला आमंत्रण लागत नाही. कोपऱ्यात बसले, कोणाला काही बोलले नाही. सुशांत खाली उतरून पाया पडला. मुलगा मला बरा वाटला. बोलताना समोरच्याकडे बघतो.

पंगतीला मी बसले तेव्हा सगळ्यांपुढे स्टीलची ताटं होती. काकी स्वतः आली आणि माझ्यापुढे कागदाची डिश ठेवून गेली. पाण्यालाही प्लास्टिकचा ग्लास. माझ्या एका बाजूला सर्वेश, दुसऱ्या बाजूला सुशांतची आई. सर्वेश उठायला लागला, त्याचा हात मी धरून ठेवला. मी उठले, टेबलावरच्या ढिगातलं एक ताट घेतलं, परत येऊन बसले आणि वाढणाऱ्याला म्हटलं, वाढा.

काकी धावत आली. हळूच म्हणाली, "योगिनी, तमाशा नको."

सुशांतच्या आईने विचारलं, काय झालं, यांना कागदाची का? काकी म्हणाली, हिला बरं नसतं, पथ्य आहे.

पथ्य. मला वाटतं त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. आईच्या वेळी पण असेच शब्द होते. "तिचं ते दुखणं." "तिच्या सवयी." कोणी कधी नाव घेतलं नाही, म्हणून वाटेल ते नाव चिकटलं.

मी आवाज चढवला नाही, कोणीही विचार. मी म्हटलं, "मला हिपॅटायटिस बी आहे. लिव्हरचा आजार. जेवणातून कोणाला होत नाही, म्हणून मी तुमच्या शेजारी तुमच्यासारख्याच ताटात जेवणार. माझी आई याच दुखण्याने गेली. तिने आयुष्यात दारूला हात लावला नाही. तुमच्या कानावर दुसरं काही आलं असेल तर ते खोटं आहे."

वाढणारा मसालेभाताचा चमचा तसाच धरून उभा. काकांची मान खाली होती. मी जेवले. सगळं जेवले, जिलबीसकट.

हात धुताना सुशांतची आई मागून आली. तिने विचारलं, "रुचितालाही आहे का हे?"

मी म्हटलं, "ते तिला विचारा. मी माझं सांगितलं."

माझ्या गळ्यावर हात ठेवून सांगते, याहून एक शब्द जास्त नाही. मला माहीतच नाही तर काय सांगणार? आणि माहीत असतं तरी ते सांगणं तुझं आहे, माझं नाही. पण तुलाही माहीत नाही, रुचू, हे सगळ्यात वाईट आहे. तू न बघता म्हणतेयस की काही नाही.

स्टेजच्या मागे तू मला म्हणालीस, "ताई, तू माझं वाटोळं केलंस." त्यावर आता बोलते. तुझं लग्न माझ्या एका वाक्याने मोडणार असेल तर ते तुझ्या पहिल्या तापात मोडलं असतं, किंवा पहिल्या बाळंतपणात, जेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं असतं आणि तुझ्या सासूने तुला विचारलं असतं, तुला माहीत होतं? तेव्हा तू एकटी असतीस. आत्ता मी आहे.

आणि सुशांतचा विचार कर. त्याला लस देता येते. आधी कळलं तर देता येते. बाळालाही जन्मल्याबरोबर इंजेक्शनं दिली, आणि गरोदरपणी तुझ्याकडे नीट लक्ष ठेवलं, तर ते बहुतेक वाचतं. आपल्याला कोणी दिली नाहीत, कारण आईला कोणी सांगितलं नाही. आईला माहीत असतं तर तिने आपल्यासाठी काय केलं नसतं, सांग. तुला माहीत होऊ शकतं आणि तू डोळे मिटून बसलीयस.

काकीवर माझा राग आहे, पण तिने तुला सांभाळलं हे मी विसरत नाही. तुझ्या दहावीला ती पहाटे उठून तुझ्यासाठी चहा करायची, मी बघितलंय. ती वाईट नाही. ती घाबरट आहे, आणि घाबरट माणसाच्या हातात पोरीचं आयुष्य देऊ नये.

मला बरं आहे. मधे ताप येऊन गेला, उतरला. स्कॅनचं विचारलंस तू स्टेजमागे, एवढ्या रागातही विचारलंस. ते राहू दे आत्ता.

टेस्टला साधं रक्त देतात. उपाशी जावं लागत नाही. कल्याणला नको वाटत असेल, कोणी बघेल म्हणून, तर डोंबिवलीला ये. मी लॅबच्या बाहेर थांबेन, आत येणार नाही.

तुझी
ताई


डोंबिवली (पूर्व)
२३ मार्च २०२५

प्रिय रुचू,

खूप खूप आशीर्वाद.

आता फोन चालू झालाय, रोज बोलतो, तरी पत्र लिहितेय. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत हे या तीन महिन्यांत कळलं. तू जानेवारीत रिपोर्टचा फोटो पाठवलास, पॉझिटिव्ह, खाली एक शब्द नाही. मी केंद्रावर होते. पोळी तव्यावर जळली. मी फोन लावला, तू उचललास, आणि आपण दोघीही नुसत्या धरून बसलो. शेवटी वासंतीताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुला म्हणाल्या, बाळ, उद्या सकाळी इकडे ये, गरम पोळी खा, मग काय ते रड. तू आलीस. त्या दिवसासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार आहे, पण त्या धरू देत नाहीत.

ठाण्याच्या डॉक्टरांना तुला दाखवून परतताना तू मला विचारलंस, डॉक्टर माझ्या लिव्हरचं चांगलं बोलल्या तेव्हा तू बाहेर का गेलीस? पाणी प्यायला, असं मी म्हटलं. खोटं होतं ते.

तुझं लिव्हर मऊ आहे, रुचू. अजून काही बिघडलेलं नाही. नियमित तपासत राहायचं, गरज पडली की गोळी. वेळेत सापडलीस तू. माझं तसं नाही. माझ्या लिव्हरवर व्रण पडून ते घट्ट व्हायला लागलंय. सिरॉसिसची सुरुवात आहे. स्कॅन ठीक आहे असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं, दुसऱ्यात टाळलं, ते तसं नव्हतं. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कुठे गाठ धरत नाही ना ते बघायला. आईचं जिथे संपलं तिथपर्यंत मी गेलेली नाही, पण त्या रस्त्यावर चार पावलं टाकून झालीयत. डॉक्टर म्हणतात गोळीने इथेच थांबवता येतं, थोडं मागेही फिरवता येतं. माझ्या रक्तातला विषाणू आता जवळजवळ दिसेनासा झालाय. या थंडीत मला साधा खोकलाही झाला नाही.

म्हणून मी तुझ्या मागे हात धुऊन लागले होते. हे आधी सांगितलं असतं तर तू माझी दया येऊन टेस्ट केली असतीस. मला तशी नको होती. तू स्वतःसाठी करायला हवी होती.

बाहेर गेले तेव्हा मी रडले. तुझं चांगलं निघालं म्हणून, आणि थोडं माझं का नाही म्हणूनही. दोन्ही खरं आहे. आता रडून झालं.

सुशांतने तुला सांगितलं का, तो एकटा केंद्रावर आलेला? तू त्याला सांगितल्यानंतरच्या आठवड्यात. आधी पोळी-भाजी मागितली, बाकावर बसून जेवला, ताट स्वतः धुवायला निघाला तर वासंतीताईंनी ओरडून थांबवलं. मग म्हणाला, मला नीट समजून घ्यायचंय. मी म्हटलं, माझ्याकडून नको, डॉक्टरांकडे जा. म्हणाला, जाऊन आलोय, पहिलं इंजेक्शन घेतलंय. मग विचारलं, "ताई, रुचिता रागावली तर तिला काय आवडतं?" मी म्हटलं, ते शोधणं तुझं काम.

त्याची आई अजून घुश्शात आहे, आणि ती तशी असण्याचा तिला हक्क आहे. तिला आपण फसवलं नाही, एवढं मात्र तिला मान्य करावं लागेल. मला सगळ्यात आवडलं ते तू तिला तोंडावर सांगितलंस ते, की सुशांतचं तिसरं इंजेक्शन होऊन लस लागू पडली हे रक्तात दिसल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. तिसरं आषाढात येतं, मग चातुर्मास, मग तुळशीचं लग्न झाल्यावर तुझं. काकी म्हणतेय, एवढं लांबलं तर लोक काय म्हणतील. लोकांनी आईबद्दल काय काय म्हटलं, आणि त्यातलं काय खरं निघालं?

काका परवा मला भेटायला आले. चहा घेतला, क्रिकेटचं बोलले, उठताना म्हणाले, "कलावतीवहिनींना आम्ही उगाच बोललो गं." एवढंच. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि म्हटलं, हे काकीला सांगा. ते नुसते हसले. सांगणार नाहीत. पण म्हणाले तरी.

आता एक मागणं. कन्यादान काका-काकींनीच करावं. त्यांनी वाढवलं, मान त्यांचा. मी त्यात पडणार नाही. पण परवा तू पत्रिकेचा मजकूर पाठवलास, त्यात "आमची पुतणी" असं आहे आणि खाली काका-काकींची नावं. आईचं नाव नाही. काकीने काढलंय, की तूच घालायला बिचकलीस, ते मला विचारायचं नाही. ते नाव घाल. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. ज्यांनी ज्यांनी तिच्याबद्दल कुजबुज केली त्या प्रत्येकाच्या घरी ती पत्रिका जाऊ दे. ठाण्याला, कल्याणला, गावी रत्नागिरीला. ज्यांना येववत नसेल त्यांनी येऊ नये. जेवायला मी पहिल्या पंगतीला बसणार आहे आणि तुझ्या सासूला माझ्या शेजारी बसवणार आहे.

आणि कोणी विचारलं की या दोघी कोणाच्या, तर तू सांग. मी सांगायचं नाही असं ठरवलंय. तू सांग, मोठ्याने.

कलावतीची थोरली मुलगी,
योगिनी